पान क्रमांक नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ द्यायचा कसा?

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. प्रबंधाचं लेखन संपत आलंय, पण संदर्भांवर गाडी अडली आहे. मी वापरलेली जवळजवळ निम्मी पुस्तकं ई-पुस्तकं आहेत. काही किंडलवर विकत घेतलेली, काही फोनवर गूगलच्या ॲपमध्ये, एक ऑडिओबुक आणि दोन-तीन पीडीएफ टेलिग्रामवर कोणीतरी पाठवलेल्या. गाइड सर म्हणतात, "अवतरण दिलं की पान क्रमांक पाहिजेच, नाहीतर छापील प्रत आणा." छापील प्रती आमच्या ग्रंथालयात नाहीत, काही तर बाजारातही मिळत नाहीत. एक मैत्रीण म्हणते, फोनवर जो आकडा दिसतो तो टाक, कोण बघतंय! पण अक्षर मोठं केलं की तो आकडाच बदलतो. दुसरी म्हणते, किंडल पानाऐवजी मजकुराची जागा दाखवणारा जो लोकेशन नंबर देतो तो दे. तिसरीने तर घाबरवूनच सोडलंय, की पान क्रमांक नसला तर वाङ्मयचौर्य धरतात. सबमिशन तोंडावर आलंय. मी नेमकं काय करू?

— एक संशोधक

उत्तर

प्रिय संशोधक मैत्रिणी,

आधी तिसऱ्या मैत्रिणीने घातलेली भीती मनातून काढून टाका. पान क्रमांक नसणं म्हणजे वाङ्मयचौर्य नव्हे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, याबाबतचे नियम २०१८ सालचे आहेत. त्यांत दुसऱ्याचा मजकूर किंवा कल्पना श्रेय न देता आपली म्हणून वापरणं याला वाङ्मयचौर्य म्हटलं आहे. दुसऱ्यांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्य मोजताना वगळायचा असतो. तुम्ही लेखकाचं नाव दिलंय, पुस्तकाचं दिलंय, वर्ष दिलंय, अवतरणचिन्हं घातली आहेत. मग चोरी कसली? संदर्भ अपुरा असणं हा वेगळा दोष आहे आणि तो दुरुस्त करता येतो.

पहिल्या मैत्रिणीचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. यावर मी जरा कडक बोलते आहे, कारण अलीकडे प्रबंध तपासताना हा प्रकार वारंवार दिसतो. फोनवर किंवा टॅबवर दिसणारं 'पान' हे पुस्तकाचं पान नसतं. मजकूर पडद्याच्या आकारानुसार वाहत जातो. अक्षर मोठं केलं, फोन आडवा धरला, फॉण्ट बदलला की पानांची संख्याही बदलते. तुमच्या फोनवर जे वाक्य २१४व्या पानावर दिसतं, ते माझ्या टॅबवर १३०च्या आसपास असू शकतं आणि छापील पुस्तकात तिसरीकडेच. आता तुम्ही प्रबंधात 'पृ. २१४' असं लिहिलंत. परीक्षकांच्या कपाटात तेच पुस्तक छापील आहे. त्यांनी सहज म्हणून २१४वं पान उघडलं, तिथे ते वाक्य नाही, पुढच्या-मागच्या पानांवरही नाही. त्यानंतर त्यांचा तुमच्या बाकीच्या संदर्भांवर विश्वास राहील का? पान क्रमांक न दिल्याने जेवढं बिघडत नाही, तेवढं चुकीचा दिल्याने बिघडतं. आणि 'कोण बघतंय' म्हणाल, तर मी बघते. मधूनच एखादा संदर्भ काढून पडताळते. माझ्या ओळखीचे बहुतेक परीक्षक तेच करतात.

गाइड सरांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पान क्रमांकाचा आग्रह धरण्यामागे हेतू एकच असतो, की वाचणाऱ्याला त्या वाक्यापर्यंत स्वतः जाऊन खात्री करून घेता यावी. हा हेतू पक्का धरून ठेवला की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटत जातात. पान क्रमांक हा त्या वाक्यापर्यंत जाण्याचा एक रस्ता झाला, आणि तोही एकाच आवृत्तीपुरता. नव्या आवृत्तीत टाइप बदलला की छापील पानंही सरकतात. म्हणून तर आपण संदर्भसूचीत आवृत्ती आणि वर्ष लिहितो.

आपल्याकडे तर पानाशिवाय संदर्भ देण्याची रीत फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी सांगताना कोणी पान सांगतं का? अध्याय आणि ओवीचा क्रमांक सांगतात. दासबोधाला वीस दशक आहेत, प्रत्येक दशकात दहा समास. दशक, समास, ओवी असे तीन आकडे दिले की कोणत्याही घरातल्या कोणत्याही प्रतीत ती ओवी सापडते. युरोपातही प्लेटोचे संदर्भ आजतागायत १५७८ साली निघालेल्या एका आवृत्तीच्या पान-खुणांनी दिले जातात, मग हातातलं पुस्तक कुठल्याही भाषेतलं आणि कुठल्याही प्रकाशकाचं असो. अर्थात इथेही डोळे मिटून चालत नाही. तुकारामांच्या गाथेत अभंगांचे क्रमांक सगळ्या आवृत्त्यांत सारखे नाहीत. सरकारी गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत शोधलात तर वेगळाच अभंग हाती येईल. ज्ञानेश्वरीतही पाठभेदांमुळे ओवी थोडी पुढेमागे होते. म्हणून क्रमांकाबरोबर प्रत कोणती तेही सांगायचं. ई-पुस्तकाच्या बाबतीत नेमकं हेच करायचं आहे: जी विभागणी मजकुराची स्वतःची आहे ती द्यायची, आणि प्रत कोणती ते सांगायचं. यंत्राने पाडलेली पानं सोडून द्यायची.

तुमच्या विषयातलंच एक उदाहरण घेऊ. डॉ. आंबेडकरांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' समाजशास्त्राच्या बहुतेक प्रबंधांत असतं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि प्रत्यक्षात न झालेलं हे भाषण. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात ते आहे, स्वतंत्र पुस्तकं कितीतरी आहेत, ई-पुस्तकंही आहेत, आणि प्रत्येकाची पानं वेगळी. पण भाषण मुळातच क्रमांक घातलेल्या विभागांत लिहिलेलं आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हा त्यातला बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारा मुद्दा चौथ्या विभागाच्या पहिल्याच परिच्छेदात येतो. 'आंबेडकर, १९३६, विभाग ४, परि. १' असं लिहिलंत की किंडलवाला, पीडीएफवाला, शासनाचा खंड घेऊन बसलेला, सगळे एका मिनिटात तिथे पोचतात. कोलंबिया विद्यापीठाने या भाषणाची जी इंटरनेट आवृत्ती केली आहे तिच्यात तर परिच्छेदांनाही क्रमांक दिले आहेत. 'पृ. ४७' किंवा तत्सम आकड्यापेक्षा हा संदर्भ जास्त लोकांच्या उपयोगाचा आहे, हे सरांना दाखवून बघा.

आता संदर्भ देण्याच्या पद्धतींविषयी. तुमच्या विद्यापीठाने कोणती पद्धत मान्य केली आहे ते पत्रात नाही, तेव्हा एपीए, एमएलए आणि शिकागो या तीनही सांगते.

एपीएच्या, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, नियमपुस्तिकेची सध्याची सातवी आवृत्ती २०१९ अखेरीस आली. पान क्रमांक नसतील तर प्रकरणाचा क्रमांक किंवा नाव, उपशीर्षक, परिच्छेदाचा क्रमांक किंवा यांतल्या दोन गोष्टी मिळून द्या, असं ती सांगते. परिच्छेदांना छापील क्रमांक नसले तरी स्वतः मोजून दिलेले चालतात. किंडलचे लोकेशन नंबर देऊ नका, असंही तिने स्पष्ट म्हटलं आहे. शिवाय शब्दशः अवतरण नसेल, लेखकाचं म्हणणं तुम्ही आपल्या शब्दांत मांडलं असेल, तर एपीएत पान किंवा परिच्छेद देणं सक्तीचं नाही, दिलं तर चांगलंच. ही सवलत लक्षात ठेवा. आजच बसून सगळ्या संदर्भांतली शब्दशः अवतरणं वेगळी काढा. निम्मं ओझं तिथेच उतरेल असा माझा अंदाज आहे.

एमएलएच्या, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या, नियमपुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ची. तीही यंत्राने दिलेले आकडे वापरू देत नाही. पुस्तकात प्रकरणांना क्रमांक असतील तर ते द्या, काहीच नसेल तर नुसतं लेखकाचं नाव पुरे. इथे एपीएपेक्षा एक फरक आहे. पुस्तकात छापलेले नसतील तर परिच्छेद स्वतः मोजून लिहायचे नाहीत.

शिकागो पद्धत तळटिपांची, इतिहास आणि मराठीच्या विभागांत जास्त चालते. तीही प्रकरण किंवा उपशीर्षक देणं पसंत करते. पण लोकेशन नंबरावर ती तितकी कडक नाही. द्यायचाच असेल तर एकूण किती लोकेशनपैकी कितवा, असं दोन्ही आकड्यांनी द्यायचा आणि संदर्भसूचीत किंडल आवृत्ती असल्याचं नोंदवायचं. एकूण आकडा मागण्यामागचा विचार शहाणपणाचा आहे. तीन हजारांपैकी पंधराशेवा म्हटलं की किंडल नसलेल्या माणसालाही मजकूर पुस्तकाच्या साधारण मध्यावर आहे एवढं तरी कळतं.

म्हणजे दुसऱ्या मैत्रिणीचा सल्ला एका पद्धतीत जेमतेम चालेल, दोन पद्धतींत नाही. मी स्वतः लोकेशन देण्याच्या बाजूची नाही. फॉण्ट बदलल्याने ते बदलत नाही हे खरं, पण ते एका कंपनीच्या एका फाइलपुरतं असतं. प्रकाशकाने उद्या सुधारलेली फाइल चढवली की तेही हलू शकतं, आणि ज्याच्याकडे किंडल नाही त्याला तो आकडा निरुपयोगीच.

पण किंडल बाजूला सारण्याआधी एक गोष्ट तपासा. २०११ सालापासून किंडलवर काही पुस्तकांना खरे, म्हणजे छापील आवृत्तीशी जुळणारे पान क्रमांक मिळतात. वाचताना पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर टिचकी मारत राहिलात की लोकेशन, पान, प्रकरण संपायला उरलेला वेळ असं आलटून पालटून दिसतं. त्यात पान हा पर्याय आला तर दुकानातल्या त्या पुस्तकाच्या तपशिलात खाली जा. तिथे पान क्रमांक कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतले तिचा आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख-क्रमांक, दिलेला असतो. तो मिळाला तर निश्चिंतपणे पान क्रमांक द्या आणि ती आवृत्ती संदर्भसूचीत नोंदवा. इंग्रजी पुस्तकांत, विशेषतः विद्यापीठीय प्रकाशनांच्या, ही सोय बऱ्याचदा असते. मराठी पुस्तकं किंडलच्या दुकानात २०१६च्या डिसेंबरपासून रीतसर यायला लागली, आणि त्यांत हा पर्याय सापडलाच तर नशीब समजा.

गूगलच्या ॲपमध्येही अशी एक वाट आहे. पुस्तक उघडून दाखवण्याच्या पर्यायांत जा. काही पुस्तकांना 'वाहता मजकूर' आणि 'मूळ पानं' असे दोन पर्याय असतात. मूळ पानं निवडली की छापील पानाचं चित्रच समोर येतं आणि पानावरचा खरा आकडा दिसतो. तुमच्या यादीतली पुस्तकं एकदा या नजरेने चाळा. ज्यांना मूळ पानं नाहीत त्यांचा खाली दिसणारा आकडा वापरायचा नाही.

पीडीएफचा मामला सोपा आहे आणि तिथेच सर्वांत जास्त घोळ होतात. स्कॅन केलेल्या पुस्तकात दोन आकडे असतात. एक, पानावर छापलेला. दुसरा, पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने वरच्या पट्टीत दाखवलेला. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना हे सगळं मोजून तो दुसरा आकडा येतो, त्यामुळे दोहोंत दहा-वीस पानांचं अंतर सहज पडतं. संदर्भ नेहमी पानावर छापलेल्या आकड्याचा द्यायचा. प्रस्तावनेत एक, दोन, तीन असे अक्षरी आकडे असतील तर तेच लिहायचे. एका प्रबंधात मी असं पाहिलं की अर्धे संदर्भ पानावरून घेतलेले आणि अर्धे पट्टीवरून. कोणता कुठला हे लेखकालाही सांगता येईना.

टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल मात्र स्पष्ट सांगते, त्या बाजूला ठेवा. हक्क कायम असलेल्या पुस्तकाची चोरटी प्रत वापरणं संशोधकाला शोभत नाही, हा एक भाग. दुसरं असं, की त्या फायलींचा भरवसा नसतो. मधली पानं गळालेली असतात, प्रकाशन-तपशिलाचं पान बहुधा गायबच असतं आणि आवृत्ती कोणती ते कळायला मार्ग नसतो. ज्याची आवृत्ती तुम्हाला ठाऊक नाही त्याचा संदर्भ तुम्ही देणार कसा? त्या पुस्तकांचे हक्क संपलेले असतील तर भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात किंवा इंटरनेट अर्काइव्हवर नीट स्कॅन मिळण्याची शक्यता आहे. नसतील संपले तर विकत घ्या, किंवा पुढे छापील प्रतीबद्दल लिहिलंय तसं करा.

वाहत्या मजकुराच्या पुस्तकात परिच्छेद मोजण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी मेहनत तिथेच आहे. उपशीर्षकं असलेलं वैचारिक पुस्तक असेल तर काम सोपं. प्रकरणाचा क्रमांक, उपशीर्षक, आणि त्या उपशीर्षकाखालचा कितवा परिच्छेद. उपशीर्षक फार लांबलचक असेल तर त्यातले पहिले दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत पुरतात. पण चाळीस पानांचं सलग प्रकरण असेल आणि तुमचं वाक्य मध्ये कुठेतरी असेल, तर सत्तेचाळिसावा परिच्छेद असं लिहिण्याला काही अर्थ नाही. तुम्ही मोजाल, पण वाचणारा मोजणार नाही. शिवाय लांब अवतरण, यादी किंवा कवितेच्या ओळी मध्ये आल्या की तो एक परिच्छेद धरायचा की चार, यावर दोघांचं एकमत होत नाही. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना तळटिपेत त्या परिच्छेदाचे सुरुवातीचे चार-पाच शब्द द्यायला सांगते: 'प्रकरण ३, "गावगाड्याची ही रचना" या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद'. पद्धत कोणतीही असली तरी तळटिपेत एवढी भर घालायला कोणी हरकत घेत नाही, आणि छापील प्रत हातात असलेल्यालाही ती उपयोगी पडते.

'ई-पुस्तकात शोध घेता येतोच की, मग एवढं कशाला?' असं काही जण म्हणतात. मराठीपुरतं तरी हे पूर्ण खरं नाही. ॲप, ॲड असल्या शब्दांतला पहिला स्वर संगणकात दोन प्रकारे उमटवता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा 'अ'वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी एकाचा शोध घेतला की दुसरं सापडत नाही. 'दुसऱ्या', 'पुढाऱ्या' यांतला अर्धा र असाच त्रास देतो. त्यात युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉण्टमध्ये बसवलेली पुस्तकं जशीच्या तशी पीडीएफ केली असतील तर शोध संपलाच. मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. म्हणून तळटिपेसाठी शब्द निवडताना साधे, जोडाक्षरं कमी असलेले निवडा. आणि अवतरण कॉपी-पेस्ट केलं असेल तर एकेक शब्द पुस्तकाशी ताडून बघा. रूपांतरात मात्रा, रफार आणि विसर्ग हमखास गळतात आणि ती चूक प्रबंधात तुमच्या नावावर जमा होते.

साहित्यकृती वापरल्या असतील तर त्यांच्या स्वतःच्या विभागण्या असतातच. कवितासंग्रहाला कवितेचं शीर्षक आणि ओळ, नाटकाला अंक आणि प्रवेश, कथासंग्रहाला कथेचं नाव, रोजनिशीला आणि पत्रसंग्रहाला तारीख. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरची नोंद वापरली असेल तर नोंदीचं शीर्षक हाच पत्ता. ज्या कादंबरीत प्रकरणांना ना नाव ना क्रमांक, नुसती एक फुली किंवा रिकामी जागा, तिथे तुम्हीच मोजून 'तिसरं प्रकरण' म्हणा आणि क्रमांक तुम्ही घातले आहेत हे पहिल्याच तळटिपेत सांगा. ऑडिओबुकला वेळ द्यायची: तास, मिनिटं, सेकंद, म्हणजे जिथे वाक्य सुरू होतं ती. ऐकून लिहिलेल्या अवतरणात विरामचिन्हं तुमची असतात, त्यामुळे शक्य असेल तर ते वाक्य लिखित प्रतीत एकदा बघाच.

आता छापील प्रतीबद्दल. प्रबंधाचा सगळा युक्तिवाद ज्या अवतरणांवर उभा आहे अशी थोडीच असतात. तेवढ्यांसाठी छापील प्रत मिळवायचा प्रयत्न जरूर करा, सरांचा आग्रह तेवढ्यापुरता मान्य करा. तुमच्या ग्रंथपालांना आंतरग्रंथालयीन सेवेबद्दल विचारा. ही सोय अनेक ठिकाणी असते आणि कोणी मागत नाही म्हणून धूळ खात पडलेली असते. पुण्या-मुंबईतल्या किंवा विद्यापीठातल्या मैत्रिणीला नुसतं 'पुस्तक बघ' म्हणू नका. प्रकरण आणि वाक्य कळवा आणि त्या पानाचा आणि प्रकाशन-तपशिलाच्या पानाचा, असे दोन फोटो मागवा. दुसरा फोटो नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही. गूगल बुक्सवर वाक्यातले सलग पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत टाकूनही कधी कधी पान दिसतं. ते पान आणि त्याची आवृत्ती तुमच्या डोळ्यांनी दिसली तरच घ्या. दुसऱ्या कोणाच्या प्रबंधातून पान क्रमांक उचलून आपण मूळ पुस्तक पाहिल्यासारखा मात्र लावू नका. त्या माणसाने चुकीचा घेतला असेल तर ती चूक दोन प्रबंधांत पक्की होते आणि पुढे तुमच्यावरून तिसरा घेतो.

संदर्भसूचीत वर्ष कोणतं घालायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पुढे येणारच. ऑनलाइन दुकानात दिसणारी तारीख पुष्कळदा फाइल चढवल्याची असते. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक त्यामुळे २०१९चं दिसतं आणि समाजशास्त्राच्या प्रबंधात ही गफलत फार महागात पडते, कारण कोणी कोणाच्या आधी म्हटलं हा क्रमच उलटतो. ई-पुस्तकाच्या सुरुवातीचं प्रकाशन-तपशिलाचं पान उघडा. बऱ्याच ॲपमध्ये पुस्तक थेट पहिल्या प्रकरणापासून उघडतं, तेव्हा मागे सरकावं लागेल. तिथली पहिली आवृत्ती आणि तुम्ही वापरलेली आवृत्ती अशी दोन्ही वर्षं घ्या. एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार, मजकूर छापील पुस्तकासारखाच असेल तर किंडलचा उल्लेख करण्याची गरज नाही. एमएलए आणि शिकागोत ई-पुस्तक असल्याचं नोंदवायचं.

इथे मराठी प्रकाशकांनाही एक विनंती करते, त्यांच्यापैकी कोणी वाचत असेल तर. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात छापील पुस्तकाच्या पानांच्या खुणा आत घालायची सोय आहे. वाचणाऱ्याने अक्षर कितीही मोठं केलं तरी छापील पान कोणतं ते कळतं. वर्गात शिक्षक 'पान ८२ काढा' म्हणतात तेव्हा ऐकून वाचणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही त्याच खुणांचा आधार असतो. पुस्तक बसवतानाच हे काम केलं तर फार मोठं नाही. तेही जमत नसेल तर निदान प्रकरणांना क्रमांक द्या. आज खेड्यातल्या, तालुक्यातल्या मुली फोनवर पुस्तकं विकत घेऊन संशोधन करत आहेत. छापील प्रत मिळत नाही म्हणून त्यांचे प्रबंध अडून राहावेत, हे मला फार खटकतं.

आता सरांशी कसं बोलायचं. 'नियमात चालतं' एवढंच म्हणत जाऊ नका. तुमच्या विद्यापीठाची प्रबंधलेखनाची मार्गदर्शिका आणि तिने मान्य केलेल्या पद्धतीतला ई-पुस्तकांचा भाग, दोन्हींच्या प्रती बरोबर न्या. एका ई-पुस्तकाचे दोन-तीन संदर्भ नव्या रीतीने लिहून न्या आणि त्यांच्यासमोर कोणत्याही प्रतीत ते वाक्य शोधून दाखवा. एकदा रीत ठरली की संपूर्ण प्रबंधात तीच ठेवा. एका प्रकरणात लोकेशन, दुसऱ्यात परिच्छेद, तिसऱ्यात काहीच नाही, असं झालं की परीक्षकाला पहिली शंका निष्काळजीपणाची येते. 'तत्रैव' (म्हणजे लगेच आधीचाच ग्रंथ) वापरत असाल तर त्याच्याहीपुढे प्रकरण-परिच्छेद द्यायला विसरू नका.

आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणाच्या शेवटी एक टीप घाला. मजकूर साधारण असा चालेल (एमएलए वापरत असाल तर परिच्छेदांचा उल्लेख गाळा): 'या प्रबंधातील काही ग्रंथ ई-पुस्तक स्वरूपात वापरले आहेत. ज्या ई-पुस्तकांत छापील आवृत्तीशी जुळणारे पृष्ठ क्रमांक उपलब्ध आहेत तेथे ते दिले आहेत. अन्यत्र प्रकरण, उपशीर्षक व परिच्छेद क्रमांक दिला असून, परिच्छेद संशोधकाने मोजले आहेत. अशा ग्रंथांची संदर्भसूचीत "ई-पुस्तक" अशी नोंद केली आहे.' शेवटचं वाक्य एपीएत सक्तीचं नाही, पण आपल्याकडच्या परीक्षकांसाठी ठेवावं असं मला वाटतं. प्रत्येक शब्दशः अवतरणाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पुस्तकाचं नाव आणि प्रकरण दिसू द्या, आणि फायलींना प्रबंधातल्या तळटिपेचा क्रमांक देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा. तोंडी परीक्षेला जाताना तो फोल्डर फोनमध्ये बरोबर असू द्या.